'बंध' की सान्निध्य? : धातू-आयन आणि न्यूक्लिइक आम्ले यांच्या संबंधाच्या मांडणीची समीक्षा

सारांश :
न्यूक्लिओटाइड्स व न्यूक्लिइक आम्ले यांच्याशी धातूंचे आयन 'बांधले जातात' असे विधान रसायनशास्त्र व जीवशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्यापनात सर्रास केले जाते. या एका क्रियापदाखाली परस्परांहून भिन्न असे किमान तीन संबंध झाकले गेले आहेत. प्रस्तुत लेखात एटीपी, डीएनएभोवतीचे आयनांचे आवरण, स्फटिकरचनांमधील आयनांची ओळख आणि रायबोझाइमची यंत्रणा या चार ठिकाणी ही गल्लत कशी झाली व तिचे कोणते परिणाम झाले याची चिकित्सा केली आहे. त्याच अनुषंगाने मराठी परिभाषेचाही विचार केला आहे.

बीजशब्द : मॅग्नेशिअम आयन, एटीपी, आयन-आवरण, स्फटिकरचना, रायबोझाइम, परिभाषा

प्रस्तावना :
डीएनएचे जे चित्र वर्गातील फळ्यावर काढले जाते त्यात दोन पेड असतात, त्यांना जोडणाऱ्या बेसच्या जोड्या असतात आणि बाहेरच्या बाजूला शर्करा व फॉस्फेट यांचा कणा असतो. या चित्रात एक गोष्ट हटकून गाळली जाते. प्रत्येक फॉस्फेटगणिक एक ऋणप्रभार असतो आणि बेसची प्रत्येक जोडी ३.४ अँगस्ट्रॉम उंची व्यापते. म्हणजे सरासरी दर १.७ अँगस्ट्रॉमला एक ऋणप्रभार पडतो. इतक्या दाटीने रचलेले ऋणप्रभार एकमेकांना दूर ढकलल्याशिवाय राहणार नाहीत. ते एकत्र नांदतात याचे कारण भोवतीच्या द्रावणातील धनप्रभारित आयन हे आहे. आयनांखेरीज काढलेला डीएनए हा वस्तुतः निसर्गात कोठेही न आढळणारा रेणू आहे.

या प्रश्नाचे महत्त्व डीएनएच्या रचनेच्या शोधाइतकेच जुने आहे. १९५१ च्या अखेरीस वॉटसन व क्रिक यांनी केंब्रिज येथे डीएनएची जी पहिली प्रतिकृती उभारली ती तीन पेडांची होती. तीत फॉस्फेट आतल्या बाजूला होते आणि त्यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम मॅग्नेशिअमच्या आयनांवर सोपवले होते. किंग्ज कॉलेजमधून ती पाहावयास आलेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांचा आक्षेप असा होता की, मॅग्नेशिअमचे आयन पाण्याच्या घट्ट कवचात असतात, त्यामुळे ते अशा रचनेचा आधारस्तंभ होऊ शकत नाहीत. शिवाय नमुन्यातील पाण्याचे प्रमाणही त्या प्रतिकृतीत फारच कमी धरलेले होते. ती प्रतिकृती मागे घ्यावी लागली. १९५३ च्या आरंभी पॉलिंग व कोरी यांनी मांडलेली तीन पेडांची रचनाही प्रभाराच्याच प्रश्नावर कोसळली. त्यांनी फॉस्फेटवर हायड्रोजन ठेवून ऋणप्रभारच नाहीसा केला होता; मग या आम्लाला आम्ल का म्हणावे, हा प्रश्न उरत होता. दोन्ही प्रसंगी चूक भूमितीत जेवढी होती तेवढीच आयनांच्या रसायनशास्त्रातही होती. विज्ञानाच्या इतिहासाच्या लोकप्रिय कथनात मात्र फ्रँकलिन यांचे छायाचित्र लक्षात राहते आणि त्यांचा हा आक्षेप विस्मरणात जातो.

एटीपीचे अपुरे चित्र :
पदवीस्तरावरील अध्यापनात एटीपी हा 'ऊर्जेचे चलन' म्हणून येतो. त्याच्या तीन फॉस्फेटांवर चार ऋणप्रभार दाखवले जातात आणि विवेचन तेथेच थांबते. पेशीतील परिस्थिती निराळी आहे. सामू सातच्या आसपास असताना मॅग्नेशिअम व एटीपी यांच्या संयोगाचा स्थिरांक सुमारे १०⁴·² इतका आहे, तर पेशीद्रवातील मुक्त मॅग्नेशिअमचे प्रमाण साधारणतः ०.५ ते १ मिलिमोलर असते. या दोन आकड्यांवरून साधे गणित केले तरी एटीपीचा सुमारे नऊदशांश भाग मॅग्नेशिअमयुक्त असतो असे निघते. हेक्झोकायनेजसारख्या विकरांचा खरा क्रियाद्रव्य-रेणू हाच आहे. मॅग्नेशिअमविरहित एटीपी हा उलट कित्येक कायनेजांना अडथळा ठरतो. तेव्हा आकृतीत मॅग्नेशिअम नसणे हा सोपेपणासाठी घेतलेला संक्षेप नव्हे. त्यामुळे क्रिया करणारा रेणूच बदलतो.

मॅग्नेशिअम एटीपीला नेमका कोठे धरतो, हा प्रश्न अधिक रंजक आहे. बाझेल येथील हेल्मुट सिगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके द्रावणातील स्थिरांक अत्यंत चिकाटीने मोजले. फॉस्फेटांशी जोडलेला धातू-आयन अॅडेनिनच्या एन-७ या नायट्रोजनपर्यंतही पोचून एक मोठे वलय तयार करू शकतो. हे वलय द्रावणातील किती टक्के रेणूंमध्ये असते, हे त्यांनी धातूगणिक ठरवले. तांब्याच्या बाबतीत ते सुमारे दोनतृतीयांश रेणूंत आढळते. मॅग्नेशिअमच्या बाबतीत जेमतेम एकदशांश, आणि तेही बहुधा मधल्या पाण्याच्या रेणूमार्फत. म्हणजेच हा संबंध 'आहे किंवा नाही' अशा स्वरूपाचा नसून समतोलाचा आहे. एकाच द्रावणात काही रेणू वलयबद्ध, काही खुले आणि सगळे सतत अदलाबदल करणारे, असे ते दृश्य आहे. स्थिर रेषांनी काढलेल्या आकृतीत हे मावत नाही. सिगेल यांनी १९७४ पासून संपादित केलेल्या ग्रंथमालेत व तिच्या पुढील अवतारात ही सामग्री विपुल आहे. तथापि ती रचना-जीवशास्त्रज्ञांकडून पुरेशी वाचली गेली नाही, असे पुढील विवेचनावरून म्हणावे लागेल.

प्रयोगशाळेतील रोजचा व्यवहारही याच गणितावर चालतो. पीसीआरच्या मिश्रणात चार न्यूक्लिओटाइड्स प्रत्येकी ०.२ मिलिमोलर, म्हणजे एकूण ०.८ मिलिमोलर घातली व मॅग्नेशिअम क्लोराइड १.५ मिलिमोलर असले, तर पॉलिमरेजच्या वाट्याला मुक्त मॅग्नेशिअम निम्म्याहूनही कमी येते. नमुना ईडीटीएयुक्त द्रावणात साठवलेला असल्यास त्यातूनही आणखी घट होते. प्रात्यक्षिकाच्या वहीत 'पट्टा आला नाही' अशी नोंद होते, परंतु वजाबाकीचे हे साधे गणित क्वचितच मांडले जाते.

ढग आणि स्थान :
धातू-आयनांचे न्यूक्लिइक आम्लांशी तीन प्रकारचे नाते असते. पहिल्यात आयन आपल्या कवचातील एखादा पाण्याचा रेणू सोडून देऊन फॉस्फेटच्या ऑक्सिजनला किंवा बेसच्या नायट्रोजनला थेट भिडतो. दुसऱ्यात त्याचे जलकवच अबाधित राहते व कवचातील पाणी हायड्रोजन बंधाने न्यूक्लिइक आम्लाला धरते. तिसऱ्यात आयनाला निश्चित स्थान नसते. तो ऋणप्रभारांच्या आकर्षणाने आसपास दाटीने वावरतो एवढेच. संख्येने तिसरा प्रकार सर्वांत मोठा आणि चित्रांत सर्वांत कमी दिसणारा आहे.

या तिसऱ्या प्रकाराचे गणित जेराल्ड मॅनिंग यांनी १९६९ मध्ये व पुढे १९७८ मध्ये सविस्तर मांडले. डीएनएला प्रभारित रेषा मानले तर पाण्यात तिच्याभोवती एकप्रभारी आयन इतके गोळा होतात की फॉस्फेटांचा सुमारे ७६ टक्के प्रभार निष्प्रभ होतो. द्विप्रभारी आयनांसाठी हा आकडा ८८ टक्के आहे. या उपपत्तीचे मोठे यश असे की, क्षारांचे प्रमाण वाढवले की डीएनएचे वितळण-तापमान का वाढते आणि प्रथिन डीएनएला चिकटताना सुटलेले आयन त्या क्रियेला एन्ट्रॉपीचे बळ कसे पुरवतात, याचा उलगडा झाला. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. रेषेला खोबणी नसतात, वळणे नसतात. आरएनएसारखा स्वतःवर दुमडलेला रेणू, ज्याच्या पोटात फॉस्फेट एकमेकांसमोर येतात, तो या प्रतिमेत बसत नाही. डेव्हिड ड्रेपर व सहकाऱ्यांनी रायबोसोमल आरएनएच्या ५८ न्यूक्लिओटाइड्सच्या तुकड्यावर केलेले काम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २००२ मध्ये त्यांना या तुकड्याच्या आत गाडला गेलेला एक पोटॅशिअमचा आयन सापडला. ज्या स्थानी द्विप्रभारी आयनाची अपेक्षा करावी तेथे एकप्रभारी आयन निघावा, यातूनच 'अधिक प्रभार म्हणजे अधिक घट्ट संबंध' हे समीकरण किती उथळ आहे ते दिसते. मॅग्नेशिअमला जलकवच सोडण्याची किंमत फार मोठी पडते. त्याच्या कवचातील पाण्याचा रेणू मायक्रोसेकंदाच्या श्रेणीत टिकतो, तर सोडिअमच्या कवचातील नॅनोसेकंदाच्या आतबाहेर. पोटॅशिअम ही किंमत सहज चुकवतो.

धातूंच्या आवडीनिवडींचे पहिले पद्धतशीर कोष्टक १९६८ मध्ये आयकहॉर्न व शिन यांनी दिले. मॅग्नेशिअम डीएनएचे वितळण-तापमान वाढवतो, तांबे ते घटवते. मॅग्नेशिअमची ओढ फॉस्फेटकडे, तांब्याची बेसकडे. मधल्या पायऱ्यांवर कोबाल्ट, निकेल, मँगनीज, जस्त, कॅडमिअम. अर्धशतकानंतरही हा क्रम टिकून आहे, ही त्या साध्या प्रयोगाची थोरवी. पारा दोन थायमिनांच्या मध्ये व चांदी दोन सायटोसिनांच्या मध्ये बसते, सिस्प्लॅटिन शेजारशेजारच्या ग्वानिनांच्या एन-७ ला धरून डीएनएला वाकवते, हे सर्व त्याच आवडीनिवडींचे पुढचे टोक. सिस्प्लॅटिनच्या बाबतीत 'बंध' हा शब्द निःशंकपणे वापरता येतो. त्याच शब्दाने मॅग्नेशिअमच्या ढगाचे वर्णन करणे मात्र योग्य नव्हे.

दहा इलेक्ट्रॉनांचा पेच :
क्ष-किरण स्फटिकशास्त्राने या विषयाला जी प्रतिष्ठा दिली तीच त्याच्या गोंधळाचेही कारण झाली. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात. पाण्याच्या रेणूत दहा इलेक्ट्रॉन, सोडिअमच्या आयनात दहा, मॅग्नेशिअमच्या आयनात दहा आणि अमोनिअममध्येही दहाच. इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशावर दिसणारा एकटा ठिपका यांपैकी नेमका कोणाचा, हे ठिपक्याच्या उंचीवरून ठरत नाही. भरवसा ठेवायचा तो शेजाऱ्यांच्या अंतरावर : मॅग्नेशिअम ते ऑक्सिजन सुमारे २.१ अँगस्ट्रॉम, सोडिअम ते ऑक्सिजन २.४, पाणी ते पाणी २.८. पोटॅशिअमजवळ इलेक्ट्रॉन अठरा आहेत, पण त्याचे ऑक्सिजनपासूनचे अंतर पुन्हा २.८ च्या आसपास, म्हणजे पाण्यासारखेच. उत्तम स्फटिकात ही अंतरे वेगळी ओळखू येतात. तीन अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या विभेदनावर मात्र ओळख पटवणे हा बराचसा संशोधकाच्या अपेक्षेचा प्रश्न होऊन बसतो, आणि अपेक्षा बहुधा मॅग्नेशिअमची असते, कारण द्रावणात तो मुद्दाम घातलेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डिकरसन यांच्या बारा जोड्यांच्या प्रसिद्ध डीएनए तुकड्याचे आहे. त्याच्या अरुंद खोबणीत पाण्याच्या रेणूंची एक सुबक रांग १९८० च्या दशकारंभी दाखवली गेली होती. १९९८ मध्ये लोरेन विल्यम्स यांच्या गटाने अधिक विभेदनाच्या आधारे ही रांग अंशतः सोडिअमची असल्याचे प्रतिपादन केले. डिकरसन यांच्या गटाने १९९९ मध्ये त्याचे खंडन केले. त्याच वर्षी एग्ली यांच्या गटाने रुबिडिअम वापरून मधला मार्ग दाखवला. रुबिडिअमचे इलेक्ट्रॉन पुष्कळ असल्याने त्याची पाण्याशी गल्लत होत नाही. त्यांना एका स्थानी अंशतः आयन आढळला, उरलेली रांग पाण्याची. वाद वरवर पाहता एका ठिपक्याचा वाटतो. प्रत्यक्षात डीएनए वाकतो तो बेसच्या क्रमामुळे की खोबणीत शिरलेल्या आयनांमुळे, हा मूलभूत प्रश्न त्यावर अवलंबून होता.

रायबोसोमच्या बाबतीत ही अडचण शेकडो पटींनी वाढली. माहितीकोशात जमा झालेल्या आरएनएच्या रचनांमध्ये मॅग्नेशिअमच्या हजारो नोंदी आहेत. २०१५ मध्ये झेंग व सहकाऱ्यांनी या नोंदी निकष लावून तपासल्या, तेव्हा त्यांतील मोठा भाग विश्वासार्ह ठरला नाही. २०१७ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील ऑफिंजर यांच्या गटाने आणखी पुढे जाऊन विचारले की, मॅग्नेशिअम बेसच्या नायट्रोजनला थेट भिडतो तरी का? त्यांच्या मते अशा स्वरूपाच्या बहुसंख्य नोंदी चुकीच्या ओळखीतून आलेल्या आहेत. २०१९ मध्ये लांब तरंगलांबीचे क्ष-किरण वापरून पोटॅशिअमचे स्वतंत्र चिन्ह टिपण्यात आले, तेव्हा रायबोसोममध्ये पूर्वी मॅग्नेशिअम म्हणून नोंदवलेली अनेक स्थाने पोटॅशिअमची निघाली.

येथे दोन गोष्टींची नोंद घेणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, मॅग्नेशिअमला एन-७ ची फारशी ओढ नाही आणि असलीच तर ती पाण्यामार्फत, हे द्रावणातील मोजमापांनी १९८० च्या दशकातच सांगितले होते. ते वाचले असते तर माहितीकोशातील कित्येक नोंदींवर प्रश्नचिन्ह उमटले असते. एकाच विषयाच्या दोन शाखा एकमेकींच्या नियतकालिकांत डोकावत नाहीत, ही उणीव केवळ शिष्टाचाराची नाही. तिच्यामुळे खोटी तथ्ये दोन-तीन दशके टिकली. दुसरी गोष्ट टीकाकारांविषयी. त्यांचे निकष लहान रेणूंच्या अचूक स्फटिकांमधून घेतलेले आहेत. आरएनएच्या आतल्या ताणलेल्या जागी एखादा आयन आदर्श अंतरापासून थोडा ढळलेला असू शकतो आणि अशी स्थानेच जीवशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाची असण्याची शक्यता आहे. निकषात न बसणारी प्रत्येक नोंद चूकच, असे मानणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक होईल. तरीही सिद्ध करण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावरच राहते, याबद्दल दुमत होऊ नये.

मँगनीजची बदली आणि रायबोझाइमचा वाद :
मॅग्नेशिअम डोळ्यांना दिसत नाही, वर्णपटात त्याची खूण नाही; म्हणून त्याच्या जागी मँगनीज घालून पाहण्याची प्रथा रूढ झाली. प्रथा सोयीची आहे, पण निष्कर्ष काढताना तिच्या मर्यादेचा विसर पडतो. मँगनीजची नायट्रोजनकडे असलेली ओढ मॅग्नेशिअमहून स्पष्टपणे जास्त आहे. डीएनए पॉलिमरेजला मँगनीज दिला तर ते काम करते, पण अधिक चुका करते. मुद्दाम चुका घडवून आणणाऱ्या पीसीआरमध्ये हाच गुण वापरतात. ज्या बदलीने विकराची अचूकता ढळते, त्या बदलीने आयनाचे मूळ स्थान तंतोतंत कळते असे कसे मानावे?

याउलट तीच बदली एका चांगल्या प्रयोगात किती निर्णायक ठरते हे पिचिरिली, चेक व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या कामात दिसते. टेट्राहायमेनाच्या रायबोझाइममध्ये तुटणाऱ्या बंधातील एका ऑक्सिजनच्या जागी गंधक घातले, तेव्हा मॅग्नेशिअममध्ये क्रिया मंदावली आणि गंधकाची अधिक आवड असलेला मँगनीज घालताच ती सावरली. येथे मँगनीज दाखल्यासाठी आणलेला तोतया नव्हता. एका विशिष्ट अणूशी धातूचे नाते आहे की नाही, या एकाच प्रश्नाचा तो साक्षीदार होता. त्याच वर्षी टॉमस व जोन स्टाइट्झ यांनी अनेक विकरांत व रायबोझाइममध्ये दोन धातू-आयनांची समान यंत्रणा असावी, अशी उपपत्ती मांडली. २००५ मध्ये गट-एक इन्ट्रॉनच्या स्फटिकात ३.९ अँगस्ट्रॉम अंतरावर असे दोन आयन आढळले आणि २०१३ मध्ये स्प्लायसिओसोममध्येही गंधकाच्याच युक्तीने आरएनएला धरलेल्या उत्प्रेरक धातूंचा पुरावा मिळाला.

इथवरचा प्रवास सरळ वाटतो, पण मधला टप्पा गाळून चालणार नाही. १९९० च्या दशकात 'सर्व रायबोझाइम हे धातुविकर आहेत' हे विधान जवळजवळ सूत्राप्रमाणे उद्धृत होत असे. १९९८ मध्ये मरे, स्कॉट व सहकाऱ्यांनी दाखवले की, हॅमरहेड, हेअरपिन व व्हीएस ही तीन लहान रायबोझाइम मॅग्नेशिअमचा लवलेश नसतानाही केवळ एकप्रभारी आयनांच्या तीव्र द्रावणात चालतात. लिथिअम ४ मोलर असले तरी काम भागते! सूत्र एका प्रयोगाने ढासळले. त्यानंतर काही काळ लंबक उलट बाजूला गेला व 'धातूची भूमिका केवळ आकार सांभाळण्याची' असे लिहिले जाऊ लागले. हेही तितकेच घाईचे होते. चार मोलर लिथिअम कोणत्याही पेशीत नसते. तेथे क्रिया होऊ शकते एवढ्यावरून पेशीतील मॅग्नेशिअम रिकामा बसतो असे सिद्ध होत नाही. हॅमरहेडच्या बाबतीत नंतरचा पुरावा मॅग्नेशिअमच्या प्रत्यक्ष सहभागाकडेच झुकला आहे. 'आवश्यक' आणि 'सहभागी' या दोन शब्दांतील भेद पाळला असता तर या वादाची बरीच धार कमी झाली असती.

पॉलिमरेजबाबतही असाच प्रश्न अद्याप खुला आहे. २०१२ मध्ये वेई यांग यांच्या गटाने स्फटिकातच क्रिया घडू देऊन टप्प्याटप्प्याने ती गोठवली, तेव्हा क्रियेच्या ऐन क्षणी एक तिसरा मॅग्नेशिअम येऊन गेल्याचे दिसले. २०१६ मध्ये हा तिसरा आयन क्रियेसाठी अनिवार्य असल्याचे त्यांनी मांडले. तो क्रिया घडवतो की घडलेल्या क्रियेचे पदार्थ सांभाळतो, यावर मतभेद आहेत. दोन आयनांचे सूत्र तीन दशके शिकवल्यावर तिसऱ्याची गणती सुरू झाली आहे, एवढे मात्र खरे.

मराठी परिभाषेचा प्रश्न :
इंग्रजीत अणूंमधील बंधासाठी एक शब्द आहे आणि रेणूला आयन चिकटण्याच्या क्रियेसाठी दुसरा. त्यांचा गोंधळ तेथेही होतो, पण शब्द तरी निराळे आहेत. मराठीत मात्र पहिल्यासाठी 'बंध' आणि दुसऱ्यासाठी 'बंधन' किंवा 'बद्ध होणे' असे एकाच धातूपासून साधलेले शब्द वापरले जातात. (व्याकरणातील धातूही येथे आड यावा, हा योगायोग गमतीचा आहे.) परिणामी 'मॅग्नेशिअम डीएनएला बद्ध असतो' असे वाचणारा विद्यार्थी स्वाभाविकपणे दोघांमध्ये एक रेघ ओढतो. उत्तरपत्रिकेत तशी रेघ असलेल्या आकृतीला गुणही मिळतात. थेट भिडलेल्या आयनासाठी 'संलग्न', जलकवचासह टेकलेल्यासाठी 'जलमाध्यमी' आणि ढगातल्यासाठी 'सन्निध' असे तीन शब्द योजता येतील. ते अवघड नाहीत व मराठीच्या प्रकृतीला धरून आहेत. 'जलमाध्यमी' हा शब्द कदाचित कृत्रिम वाटेल. त्याऐवजी 'पाण्यामार्फत धरलेला' असे सरळ म्हटले तरी अर्थाची हानी होत नाही. कोशातील शब्द एकच असणे हा नियम पाळण्याच्या हट्टापायी तीन भिन्न वस्तूंना एक नाव देण्याचे कारण नाही.

आकृत्यांची अडचण परिभाषेहून कठीण आहे, कारण ढग काढायचा कसा हे छापील पानाला ठाऊक नाही. २०२३ मध्ये जिवाणूच्या रायबोसोमची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १.५५ अँगस्ट्रॉम विभेदनावर प्रसिद्ध झाली. पूर्वी अंदाजाने टिपलेले पाणी, मॅग्नेशिअम व पोटॅशिअम त्यात पुष्कळ अंशी वेगवेगळे ओळखता येतात. पण स्थानबद्ध आयन कितीही स्वच्छ दिसले तरी अशा चित्रात फॉस्फेटांचा सगळा ऋणप्रभार फिटत नाही. उरलेला हिशेब पुरा करणारे आयन त्या चित्रातही नाहीत, कारण ते एका जागी थांबतच नाहीत.